आपांनी वाचून दाखवलेला गेम

भोरला एसटी स्टँडकडून बाजारपेठेत शिरलं की एक टायपिंगचं दुकान लागायचं. पाटीवर लिहिलेलं होतं ‘गुलफशा टायपिंग आणि ग्राफिक्स’. गुलफशा हे लेकीचं नाव, आणि दुकान आईचं. आईचं नाव अकिला. सख्ख्या आपा, म्हणजे थोरली बहीण, त्या एकट्या धाकट्या भावाच्या, इमरानच्या. पण भोरात लहानथोर सगळे त्यांना अकिलाआपाच म्हणत. पोस्टमन म्हणे, शेजारचा हलवाई म्हणे, आणि कधी विसरून नवराही म्हणे. नवरा झुल्फिकार टेम्पो चालवायचा, मुखदुर्बळ माणूस. घरातलं बोलायचं सगळं काम त्यानं बायकोकडं सोपवून दिलं होतं आणि तो सुखात होता.

आपांचं पोट कचेरीच्या अर्जांवर. तहसीलदारांना द्यायचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्र, मधूनच एखादी लग्नपत्रिका. दिवसभर तेच टंकून टंकून त्यांच्या बोलण्यातही ते उतरलं होतं. झुल्फिकार जेवायला उशिरा आला तर “विलंबाचं सबळ कारण द्या” म्हणायच्या. कोथिंबीरवाल्याशी घासाघीस मिटली की “आता माझी काहीएक तक्रार नाही” म्हणून पिशवी उचलायच्या. लोक हसायचे. आपांना त्यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही.

नव्व्याण्णव साली दुकानात कॉम्प्युटर आला. आतल्या छोट्या खोलीत, पडद्यामागं. आला म्हणजे काय, नवरी घरात यावी तसा आला. त्याला क्रोशाचं झाकण विणलं, खोलीत चटई घातली, आणि बाहेर पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘चपला बाहेर काढाव्यात.’ धुळीनं मशीन बिघडतं असं जोडून देणाऱ्यानं सांगितलं होतं. तेव्हा सगळीकडंच तशी रीत होती. आपांनी मात्र ती अशी पाळली की एकदा तपासणीला आलेल्या साहेबालासुद्धा बूट काढून मोज्यांवर आत जावं लागलं, आणि त्याचा एक मोजा अंगठ्याशी फाटलेला निघाला.

त्याच वर्षी प्रगती टायपिंग शिकायला आली. विंझरच्या वर डोंगरात चार घरांची एक वाडी आहे, तिथली. बाप रायबा, शेळ्यामेंढ्यांचा धनी. बारावी झाली होती, आणि भोरात मावशीकडं, भामाबाईंकडं, राहायला आली होती. ‘राहायला आली होती’ हे लोकांना सांगायचं. खरं म्हणजे ती बापाशी भांडून आली होती, आणि भांडण होतं एका शेळीवरून.

आता शेळीवरून कुणी घर सोडतं का, असं तुम्ही म्हणाल. पण त्या वाडीत पोरीच्या नावानं एक शेळी सोडायची पद्धत. तिची करडं पोरीची, तिचं सगळं पोरीचं. प्रगतीची पांढऱ्या कानाची शेळी तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली. ती रायबानं एका आठवडे बाजारी विकून टाकली, न विचारता. चारा नव्हता हे खरं. पण मग दुसरी विकायची. प्रगतीनं विचारलं तर रायबा म्हणाला, “जनावर हाय ते.” तेवढंच. ती म्हणाली, “मग मला बी विकलंत असं समजा.” आणि पिशवी भरून निघाली. रायबा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिला, थांब म्हणाला नाही. दोघांचीही मान ताठ. दिवाळी आली, प्रगती गेली नाही. रायबानं बोलावलं नाही. मावशीनं दोन्हीकडं डोकं आपटून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. हे भामाबाई सोडून भोरात कुणालाही ठाऊक नव्हतं. आपांनाही नाही. प्रगती असल्या गोष्टी बोलणाऱ्यातली नव्हती.

आपांची शिकवायची पद्धत एकच. मजकूर बघायचा, अर्थ बघायचा नाही. “अर्थ बघितला की बोट अडतं,” त्या सांगायच्या. “कोण कुणाची जमीन खातंय ते तुला कशाला? तू अक्षर बघ.” इंग्रजीही त्या अशाच टंकायच्या, टपटप, पान संपेपर्यंत मान वर न करता, आणि एक चूक नाही. प्रगती ते बघून थक्क व्हायची. एवढं झरझर इंग्रजी टाईप करणारी बाई इंग्रजी कोळून प्यालेली असणार, हे तिनं मनाशी धरून टाकलं. आणि पुढचं सगळं या धरून टाकण्यातून घडलं.

कॉम्प्युटरबरोबर पुण्याहून एक सीडी फुकट आली होती. त्यात एक गेम होता, ‘निऑन वॉर्ड’. एकूण तीन भाग. शुक्रवारी दुपारी झुल्फिकार मशिदीत गेला की आपा दुकान ओढून घ्यायच्या, आपला नमाज उरकायच्या, आणि मग तासभर दुकान बंदच राहायचं. अशाच एका शुक्रवारी त्यांनी आणि प्रगतीनं ती सीडी घालून पाहिली.

पडद्यावर एक शहर उघडलं. तिथं दिवस नव्हताच. नुसत्या लाल-निळ्या पाट्या, ओले रस्ते, आभाळापर्यंत गेलेल्या इमारती, वरून उडत जाणाऱ्या गाड्या. माणसांना लोखंडाचे हात, काचेचे डोळे. आणि त्यातून चालत जाणारी एक बाई, नोवा. तिचा डावा हात लोखंडी. कुणी भेटलं की खाली हिरव्या अक्षरांत इंग्रजीच्या ओळी उमटायच्या.

“आपा, काय म्हणतीय ती?” प्रगतीनं विचारलं.

आपांनी चष्मा वर सरकवला, ओळींकडं पाहिलं, आणि क्षणभर थांबून म्हणाल्या, “म्हणती, मला घरी जायचंय.”

बस, तिथून सुरू झालं. चालवायचं काम प्रगतीचं, सांगायचं काम आपांचं. शहरावर एका कंपनीचं राज्य होतं. आपा तिला ‘कचेरी’ म्हणायच्या. कंपनीचा मोठा साहेब म्हणजे ‘मामलेदार’. बंदुका घेऊन फिरणारी यंत्रं म्हणजे ‘शिपाई’. वॉर्ड म्हणजे काय, तर “आपल्या नगरपालिकेचा असतो तसा वॉर्ड, फक्त लायटिंग जास्त.” शिपायांनी नोवाला अडवलं की आपा वाचून दाखवायच्या, “तुमचा रहिवासी दाखला कुठं हाय? दाखल्याअभावी पुढं जाता येणार न्हाई.” नोवानं शिपायाला लोखंडी हातानं उडवलं की त्या समाधानानं म्हणायच्या, “हरकत फेटाळली.” गेम मध्येच थांबवून ठेवताना नाव विचारायचा, आपा दर वेळी एकच टाईप करायच्या, ARJ. त्यांच्या लेखी तोही एक अर्जच होता.

गोष्ट अशी होती, म्हणजे आपांनी सांगितलेली अशी होती: नोवाचा बाप म्हातारा, या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. नोवा त्याच्यावर रुसून घर सोडून गेली. आता तिला परत जायचंय, पण लाज वाटते. दोन भाग ती नुसती जाऊ की नको करत शहरभर फिरते. वाटेत लोक तिला अडवतात, फसवतात, आणि ती प्रत्येकाला विचारते, माझा बाप मला घरात घेईल का? प्रगती नोवाला चालवत राहायची. कधीकधी तिचं बोट थांबायचं. आपांना वाटायचं, पोरगी दमली.

दोन हजार साली, उन्हाळ्याच्या तोंडाला, दुसरा भाग संपला. नोवा एका मोठ्या दारापाशी पोचली. काचेपलीकडं म्हातारा उभा. खाली बऱ्याच ओळी उमटल्या. मग पडदा पांढरा झाला, आणि संपलं.

“काय म्हणाला तो?” प्रगतीचा आवाज नेहमीचा नव्हता.

आपा बराच वेळ पांढऱ्या पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणाला, उशीर केलास पोरी. पण तुझं ताट काढून ठेवलंय.”

प्रगती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाली. नसरापूरला उतरली, वेल्ह्याची एसटी धरली, विंझरला उतरून डोंगर चढली. रायबा शेळ्या सोडत होता. त्यानं पोरीकडं पाहिलं आणि विचारलं, “बसायला जागा मिळाली का गाडीत?” ती म्हणाली, “मिळाली.” मग त्यानं कळपातून एक करडू उचललं आणि तिच्या हातात दिलं. त्याचा एक कान पांढरा होता. “ती परत घ्याया गेलो व्हतो,” तो दुसरीकडं बघत म्हणाला. “तवर तिला खपवली व्हती त्यांनी. म्हणून मग तसंच एक शोधत राह्यलो. लई बाजार हिंडलो.” प्रगती करडू छातीशी धरून रडली, तिची आई दारात उभी राहून रडली, आणि रायबा “ऊन झालं, शेळ्या ताटकळल्यात” म्हणून तिथून सटकला.

ती परत आली ती खरवसाचा डबा घेऊन. आपांना म्हणाली, “घरी जाऊन आले.” एवढंच म्हणाली, पण तिचा चेहरा बघून कुणालाही कळलं असतं. आपांनी खरवस खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी टाईप केलेल्या अर्जात चूक सापडली. भोरात ती बातमी होण्यासारखी गोष्ट होती.

कारण असं, की अकिलाआपांचंही एक दार होतं, आणि ते सारोळ्याला होतं. नीरेच्या पुलाच्या अलीकडं, हायवेला लागून त्यांच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागं घर. अब्बांनी त्यांचं लग्न दुसरीकडं ठरवलं होतं, आणि त्यांनी टेम्पोवाल्या झुल्फिकारशी निकाह लावला. अब्बा म्हणाले, मला मुलगी नाही. आपा म्हणाल्या, ठीक. भोरहून सारोळं ते किती! कापूरहोळला गाडी बदलली की आलंच. पण आपा गेल्या नाहीत. भाऊ इमरान दर ईदला येऊन म्हणायचा, “आपा, चल की घरी.” आपा त्याला शिरखुर्मा वाढायच्या आणि विषय बदलायच्या.

पावसाळ्यात तिसरा भाग सुरू झाला. यात मामलेदारांची कंपनी बुडाली होती आणि म्हातारा शहराच्या सगळ्यात जुन्या वॉर्डात, एका लहानशा घरात जाऊन राहिला होता. नोवा पुन्हा त्याला शोधायला निघाली होती. का, तर आपा म्हणाल्या, “तो आजारी हाय.” आणि त्याच शुक्रवारी, प्रगतीकडं न बघता, त्यांनी पहिल्यांदा आपलं स्वतःचं बोलून दाखवलं. “हा भाग संपू दे. नोवा पोचली की म्या पण सारोळ्याला जाऊन येईन म्हणते.”

नोवा पोचायच्या आधी अब्बा गेले. सकाळी इमरानचा फोन शेजारच्या दुकानात आला. आपा तशाच निघाल्या. सारोळ्याला उतरल्या तेव्हा हायवेच्या पलीकडं माणसं कब्रस्तानातून परतत होती. आपा अलीकडं उभ्या राहिल्या. रस्ता ओलांडला नाही. परतीची गाडी आली, तीत बसून आल्या. नंतर इमराननं सांगितलं की अब्बा शेवटी शेवटी काही बोललेच नाहीत. तुझं नाव घेतलं नाही आणि तुला नावंही ठेवली नाहीत. आपांनी ती सीडी खोक्यात घातली, खोकं माळ्यावर टाकलं. नोवा वेळेवर पोचली का, हे त्यांना कळलं नाही आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. सारोळ्याला त्या त्यानंतरही गेल्या नाहीत. आता कोणत्या तोंडानं जायचं, असं त्यांना वाटे, आणि हे वाटणं वर्षागणिक घट्ट होत गेलं.

दिवस काय, जातातच. प्रगतीनं टायपिंगची परीक्षा दिली, मग पुण्याला गेली, धडपडत इंग्रजी शिकली, आणि एका कंपनीत फोनवर परदेशी लोकांच्या तक्रारी ऐकायला लागली. रायबा म्हातारा झाला. त्याच्या बंडीच्या खिशात मोबाईल आला, आणि रोज संध्याकाळी तो प्रगतीला फोन करून आज कोणती शेळी व्याली ते सांगायचा. फोनवर तो ओरडून बोलायचा, डोंगरावरून हाक मारावी तसं. प्रगतीला ते ऐकल्याशिवाय जेवण जात नसे.

दोन हजार नऊ साली तिच्याच कंपनीतल्या, वरवे गावच्या रोहिदासनं तिला एक सीडी आणून दिली. त्याला जुने गेम जमवायचा नाद होता. वर हातानं लिहिलं होतं, ‘निऑन वॉर्ड, तिन्ही भाग’. प्रगतीनं ती अशी धरली की रोहिदास म्हणाला, “अगं, गेम हाय, प्रसाद न्हाई.”

रविवारी दुपारी खोलीत बसून तिनं पहिला भाग लावला. नव्या लॅपटॉपला तो पटकन पटेना, बरीच खटपट करावी लागली. मग तेच शहर उघडलं. चित्रं आता किती भरड वाटत होती, पण त्या लाल-निळ्या पाट्या दिसल्या आणि तिला त्या खोलीतल्या चटईचा वास आला. नोवा चालू लागली. पहिला माणूस भेटला, हिरव्या ओळी उमटल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रगतीनं त्या स्वतः वाचल्या.

नोवा म्हणत होती, “ज्यानं मला बनवलं तो कुठं आहे? मला त्याचा हिशेब चुकता करायचाय.”

प्रगतीनं पुन्हा वाचलं. पुढं गेली. शिपाई भेटला, रहिवासी दाखल्याचं नाव नाही. घर नाही, रुसवा नाही, बाप नाही. नोवा माणूसच नव्हती, यंत्र होती, आणि म्हातारा तिचा कारखानदार होता. प्रगतीला हसू फुटलं. एवढी हसली की शेजारची मुलगी डोकावून गेली. थांबताना गेमनं नाव विचारलं तेव्हा तिच्या बोटांनी आपोआप ARJ टाईप केलं, आणि ती पुन्हा हसली.

दुसऱ्या भागाच्या शेवटी ते मोठं दार आलं. काचेपलीकडून म्हातारा जे बोलला ते असं होतं: “तू बिघडलेली आहेस. तुझ्या जागी मी दुसरी तयार केली आहे. परत जा.” मग पडदा पांढरा झाला.

आता प्रगतीचं हसू थांबलं. या वाक्यावर आपण डोंगर चढून घरी गेलो? या वाक्यावर नाहीच. हे वाक्य त्या दिवशी कळलं असतं तर आपण आजही गेलो नसतो. तेवढ्यात मोबाईल वाजला. रायबा ओरडून सांगत होता, “पांढरकानी व्याली गं! दोन हायती!” प्रगती नुसतं “व्हय आबा, व्हय आबा” म्हणत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येऊ दिलं. एवढ्या वर्षांचा बाप तिला एका बाईनं दिला होता, आणि तिनं साधे आभारसुद्धा मानले नव्हते. तिसरा भाग तिनं तिथं उघडला नाही. तो एकटीनं बघायचा नव्हता.

पुढच्या शुक्रवारी रजा टाकून ती भोरला गेली. दुकान आता गुलफशा बघायची. आपांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा राहिला होता. अक्षर त्यांना आता धड दिसत नसे. पडद्यामागच्या खोलीत त्या चटईवर बसल्या होत्या. बाहेरचा पुठ्ठा तोच होता. प्रगतीनं चपला काढल्या, आत गेली, आणि काही बोलायच्या आधी आपांच्या पाया पडली.

“हे काय नवीन?” आपा म्हणाल्या. “लग्न ठरलं का?”

“न्हाई.” प्रगती लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसली. “आपा, एक विचारू? तुमाला इंग्रजी किती येतं?”

आपांनी तिच्या मांडीवरचा लॅपटॉप चाचपून पाहिला आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. मग त्या गदगदून हसल्या. “टाईप करायला लई येतं. वाचायला थोडं. समजायला न्हाई. अगं, अर्थ बघू नको म्हणून शिकवणारी बाई म्या, मला कुठनं येणार अर्थ?”

“मग मला तसं का सांगितलं न्हाई?”

“तू असं तोंड वर करून विचारलंस, आपा काय म्हणतीय ती. न्हाई येत म्हणायला जीभ वळली न्हाई. मग म्हटलं द्यावं ठोकून.”

“आणि ते ताट काढून ठेवलंय? ते मला घरी धाडायला सांगितलंत ना?”

आपांचं हसू ओसरलं. “तुझं मला कुठं ठावं व्हतं पोरी? तू कधी बोललीस? म्या आपली माझंच सांगत व्हते. मला जे ऐकायचं व्हतं ते.”

प्रगतीनं आपांचा हात हातात घेतला. “आपा, तुमच्यामुळं मला माझा बाप मिळाला. खोटं सांगितलंत, पण माझं सोनं झालं. हे सांगायलाच आले.”

आपांनी पदरानं डोळे टिपले. बाहेर गुलफशाचा कीबोर्ड टपटपत होता. मग त्यांनी विचारलं, “तिसरा आणलास?”

“आणलाय.”

“लाव. आता तू वाच. पण खरं वाच बरं का. म्या ठोकलं तसं ठोकू नको.”

नोवाला जुन्या वॉर्डापर्यंत न्यायला दुपार गेली. शेवटाकडं झुल्फिकार येऊन चहा ठेवून गेला, पडद्याकडं बघून “ही अजून पोचली न्हाई व्हय?” म्हणाला आणि गेला. वर्षभरातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य असेल. अखेर एक अरुंद बोळ आला, आणि बोळाच्या टोकाला लहानसं घर. नोवा दारात उभी राहिली. आत एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा. खाली हिरव्या ओळी उमटल्या.

प्रगतीनं त्या वाचल्या. लिहिलं होतं: “तू येण्याआधीच तो बंद पडला. त्यानं निरोप ठेवलेला नाही.”

“काय लिहिलंय?” आपांनी विचारलं.

“लिहिलंय की...” प्रगतीनं ओळींवरून नजर काढली. “म्हातारा म्हणतोय, मी तुझी वाट बघत होतो. तुझ्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही.”

आपांनी तिच्याकडं अधू डोळ्यांनी पाहिलं. “खुर्ची रिकामी हाय. तेवढं दिसतं मला. आणि काहीएक तक्रार न्हाई हे माझं वाक्य हाय, त्याचं न्हाई. खरं वाच.”

प्रगतीनं खरं वाचलं. मराठीत, हळू, एकेक शब्द. तो बंद पडला. निरोप ठेवलेला नाही.

आपांनी मान हलवली. रडल्या नाहीत. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते ऐकून झालं होतं, आणि चहा अजून गरमच होता. “मग संपलं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई. ती अजून दारातच उभी हाय. खाली दोन ओळी आल्यात. परत फिर, न्हाईतर आत जा. आपण सांगू तसं ती करणार.”

“दाराला कुलूप हाय?”

प्रगतीनं नीट पाहिलं. “न्हाई. उघडंच हाय. दिवा बी चालू हाय.”

“आणि उशीर झाला तरी आत जाऊ देत्यात?”

“देत्यात की. तसं लिहिलंय ना.”

“सरक,” आपा म्हणाल्या. “आज म्या चालवते. कुठलं बटन?”

प्रगतीनं त्यांचं बोट बटनावर ठेवून दिलं. आपांनी ते दाबलं, आणि दाबूनच धरलं. नोवा उंबरा ओलांडून आत गेली, टेबलाला वळसा घालून खुर्चीपाशी पोचली, आणि तिनं आपला लोखंडी हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तिला कुणी अडवलं नाही, कुणी काही बोललं नाही. खिडकीबाहेर, त्या शहरात पहिल्यांदाच, उजाडलं.

आपा ते उजाडणं डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग त्यांनी बटनावरचं बोट काढलं आणि विचारलं, “कापूरहोळला उतरल्यावर सारोळ्याची गाडी लगेच मिळती का गं अजून?”

“टेम्पो हाय की,” पडद्यापलीकडून झुल्फिकार म्हणाला.

ते तिघं दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. सारोळ्याला सायकलचं दुकान आता इमरान चालवत होता. आधी तो त्यांना कब्रस्तानापर्यंत घेऊन गेला. आपा बाहेरच भिंतीशी उभ्या राहिल्या, हात उचलून दुआ मागितली, आणि अब्बांना जे सांगायचं ते ओठांतल्या ओठांत सांगितलं. मग सगळे घराकडं आले. त्या दिवशी न ओलांडलेला हा हायवे ओलांडताना आपांनी प्रगतीचं मनगट घट्ट धरलं होतं. दार उघडंच होतं. इमरानची बायको अम्रीन लगबगीनं पुढं आली. आपा उंबऱ्याशी थांबून, भिंतीला हात टेकून, चपला काढायला लागल्या.

“राहू द्या आपा,” अम्रीन म्हणाली. “फरशी पुसायचीच हाय अजून. तशाच या.”

“असं कसं?” अकिलाआपा म्हणाल्या, आणि दुसरी चपलही काढून त्यांनी जोड नीट भिंतीशी लावला. “दुकानात म्या साहेबाला बूट काढायला लावते. माझ्या घरात तशीच शिरू व्हय?”